पहिल्या फेरीची सीट

"बायकोला सगळं नांदेड फुकटात दाखवलं," असं माझे मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. खोटं नाही. वजिराबाद, तरोडा नाका, सिडको, विष्णुपुरी, देगलूर नाका, सगळं मी पाहिलंय, आणि सगळं बसच्या पुढच्या काचेतून, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसून पाहिलंय. हौसेने मात्र नाही. नवऱ्याने केलेले ब्रेक लागतात की नाही, हे जगाला कळावं म्हणून मला तिथे बसवलेलं असायचं.

नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही. लिहिताना घ्यावं लागणार, नाहीतर 'हे' म्हणजे कोण, हे वाचणाऱ्याला कसं कळावं? तर नजीर. संगम सिटी बसच्या नांदेड गॅरेजमधले ब्रेकचे मिस्त्री. मी गौसिया, त्यांची बायको. स्वभावाने तिखट आहे असं सासरचे म्हणतात, आणि सासरच्यांचं तेवढं एकच म्हणणं मला मान्य आहे.

संगम ही कंपनी शिवमूर्ती अप्पांची. अप्पा मूळचे लातूरचे, डाळीचे आडते. आडतीत जीव रमेना म्हणून त्यांनी एसटीच्या लिलावातल्या मोडक्या गाड्या घेतल्या आणि लातूरला एका डाळमिलच्या शेजारी पहिलं गॅरेज काढलं. तिथे गाडी धुऊन उभी केली की संध्याकाळपर्यंत काचेवर तुरीचा भुसा बसलेला. पुढे गुरुद्वाऱ्याच्या मोठ्या सोहळ्यासाठी नांदेडचे रस्ते रुंद झाले, तेव्हा अप्पा इकडे आले. कापसाच्या एका बंद जिनिंगच्या आवारात पत्रे ठोकले आणि दुसरं गॅरेज उभं राहिलं. तिथे भुसा नव्हता, पण कोपऱ्याकोपऱ्यातून जुना कापूस निघायचा. नजीर घरी आले की त्यांच्या दाढीत पिंजारी असल्यासारखा कापूस अडकलेला असे.

ही दोन गॅरेजं म्हणजे दोन सख्ख्या जावा. लातूरवाल्यांनी नांदेडचा जॅक नेला की परत द्यायचा नाही, आणि नांदेडवाल्यांनी लातूरच्या गाडीचा चांगला टायर काढून स्वतःच्या गाडीला लावायचा. लातूरला पाण्याची बोंब झाली त्या वर्षी तिकडच्या गाड्या वरचेवर 'बिघडून' आमच्याकडे यायच्या आणि जाताना ड्रम भरून पाणी न्यायच्या. आमच्या गॅरेजच्या खड्ड्यात एका पावसाळ्यात गोदावरीचं पाणी शिरलं, तेव्हा लातूरवाले मिस्त्री आले आणि आमच्या माणसांबरोबर चिखल उपसत बसले. भांडायची तशी सवय असली की मदत करायचीही सवय लागते.

आता पुढच्या सीटचं सांगते. नांदेडची सेवा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. एक गाडी नदीवरच्या पुलाच्या उतारावर थांबेचना, आणि सरळ केळीच्या गाड्यात घुसली. माणसाला खरचटलंही नाही. केळ्यांचं मात्र शिकरण झालं. अप्पांनी गॅरेजात सगळ्यांना उभं करून विचारलं, ब्रेक कुणी केले? ह्याने त्याच्याकडे बोट दाखवलं, त्याने आणखी तिसऱ्याकडे. अप्पा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आजपासून जो ब्रेकचं काम करंल, त्याच्या घरचं माणूस पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसंल. मग मला कुणाला विचारायचं कामच न्हाई."

पुरुष कामावर, लेकरं शाळेत. मग घरचं माणूस म्हणजे कोण? बायकोच. तेव्हापासून ब्रेकचं काम झालेली गाडी गेटबाहेर पडली की पुढच्या सीटवर कुणाची तरी बायको बसलेली. ड्रायव्हर लोकांनी तर तो धर्मच करून टाकला. सीट रिकामी दिसली की गाडीला हातच लावायचे नाहीत.

आणि बसायला नाही म्हटलं तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं होतं. ग्यानोबा नावाचे एक मिस्त्री होते. त्यांची बायको कोंडाबाई एका सकाळी गेटपाशी येऊन "मी न्हाई बसत" म्हणाली आणि घरी निघून गेली. भांडण वेगळंच होतं, माहेरी जाऊ देण्यावरून. पण ते कोण ऐकून घेणार? ज्याच्या बायकोचा त्याच्या ब्रेकवर भरवसा नाही, त्याच्यावर ड्रायव्हरने का ठेवावा? ग्यानोबांच्या हातात पुन्हा कुणी पाना दिला नाही. त्यांनी देगलूर नाक्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. दुकान बरं चाललं, पण त्यानंतर ते गॅरेजवरून कधी गेले नाहीत, लांबचा रस्ता धरायचे.

म्हणून मी बसत राहिले. पहिली काही वर्षं कुरकुरत, नंतर थोडी ऐटीत. नजीरचे ब्रेक म्हणजे गाडी पदर धरल्यासारखी थांबायची. मिठाईच्या दुकानासमोर गाडी थांबली तर ड्रायव्हर दगडोबा मला म्हणायचा, "भाबी, मिस्त्रीचा हात हाय म्हणून थांबली, न्हाईतर जिलेबीतच गेलो असतो."

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून तो हात बिघडला.

आधी बटणं लागेनात. मग कुलपात चावी जाईना. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट आपापली हलत राहायची, तसबीहची माळ हातात नसताना मणी ओढत असल्यासारखी. मी विचारलं की म्हणायचे, "थंडी हाय." ऐन मे महिन्यातही थंडीच होती. हळूहळू त्यांनी तो हात खिशातच ठेवायला सुरुवात केली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण बायकोपासून मूठ किती झाकणार?

ब्रेकचं काम मला करता येत नाही, पण इतकी वर्षं ऐकून एवढं कळतं की ब्रेकचा लायनर आणि चाकाचा ड्रम यांच्यात नेमकी फट ठेवावी लागते. कमी राहिली तर चाक जाम, जास्त झाली तर ब्रेक लागणारच नाही. ज्या माणसाला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नाही, तो ती फट कशी साधत असेल? हा प्रश्न मी कुणाला विचारणार होते? गॅरेजात विचारला तर त्यांची भाकरी गेली. त्यांना विचारला तर त्यांचं मन गेलं. आणि विचारलाच नाही, तर एखाद्या दिवशी गाडीभर माणसं जातील. मी मूग गिळून त्या सीटवर बसत होते आणि राज कॉर्नरपासून वर्कशॉप कॉर्नरपर्यंत मनात कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत होते. गाड्या थांबत होत्या. प्रत्येक वेळी थांबत होत्या, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आजचा दिवस निभावला, उद्याचं काय?

त्यात सिंधुची कटकट. आनंदराज हा नजीरच्या हाताखाली शिकलेला मिस्त्री, मुलासारखा. सिंधु त्याची बायको, अंगणवाडीत मदतनीस. ही बाई अलीकडे प्रत्येक पहिल्या फेरीला हजर. "चाची, मी बी येते, तरोड्याला बहिणीकडं जायचंय," म्हणायची आणि माझ्या मागच्या सीटवर बसायची. गाडी तरोड्याला निघाली असो की सिडकोला, हिची बहीण तरोड्यालाच. मी एकदा सुनावलंही, "फुकट फिरायची लई हौस हाय गं तुला." ती नुसती हसली. त्या हसण्याचा मला जास्त राग आला.

या वर्षी नांदेडचा ठेका संपला. शहरात दुसऱ्या गाड्या येणार, जिनिंगची जागा मालकाला परत जाणार, असं ठरलं. आता कारभार बघणाऱ्या अप्पांच्या नातवाने फक्त लातूर चालू ठेवायचं ठरवलं. एकेक गाडी तिकडे गेली, आणि शेवटची एक राहिली. लातूरच्या गॅरेजला ब्रेकचा एकच मिस्त्री लागणार होता. सुपरवायझर व्यंकटरावांनी अर्थातच नजीरचं नाव दिलं. आनंदराज घरी बसणार होता. मला लातूर नको होतं. उतारवयात नवं गाव, नवं घर कुणाला हवं असतं? पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. तिथे ह्यांच्या शेजारी आनंदराजसुद्धा नसणार. हे एकटे, तो हात, आणि लातूरच्या सगळ्या गाड्या.

शेवटच्या गाडीबरोबर सगळ्यांनीच लातूरला जायचं ठरलं होतं. गॅरेजचे लोक, बायका, लेकरं. गाडी पोहोचवायची, तिकडे जेवायचं आणि संध्याकाळी एसटीने परत. आदल्या दिवशी नजीरनीच गाडीचे ब्रेक उघडले, हे मी डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या हातातून पाण्याचा तांब्या निसटला. ते खाली बसून फरशी पुसत राहिले, मी बघितलं नाही असं समजून.

आजवर गाडी शहरात रमतगमत फिरायची. आता लोहा, माळाकोळी, तिथले चढउतार, ट्रकांची रांग, आणि गाडीत लेकरं. मी मनाशी ठरवलं. काय व्हायचं ते होऊ दे.

सकाळी गाडीला हार घातलेला होता, नारळ फुटला होता. लेकरं खिडक्यांसाठी भांडत होती. दगडोबा स्टिअरिंगवर बसला होता.

"गौसियाबी, बसा बरं," व्यंकटराव म्हणाले. "तुमच्यामुळं खोळंबून राहिलो."

"मी न्हाई बसत."

"काय म्हनता?"

"मी बसणार न्हाई. अन् लेकरांना बी खाली उतरवा."

दगडोबाने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. सगळ्यांना कोंडाबाई आठवली असणार, मला तर आठवलीच. इतक्या वर्षांचा संसार, आणि मी भर गेटात ह्यांचं नाक कापलं होतं. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी रागानेच नजीरकडे पाहिलं.

ते एका जुन्या टायरवर बसले. धान्याचं पोतं पाठीवरून उतरवलेल्या हमालासारखा त्यांनी लांब श्वास सोडला. मग खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर गुडघ्यावर ठेवला. तो हलत होता. त्यांनी हलू दिला.

"बरं केलंस," ते म्हणाले. "माझ्यानं होत नव्हतं."

मला काहीच कळेना. ते व्यंकटरावांकडे वळले. "ह्या गाडीचे ब्रेक माझे न्हाईत. गेल्या सालच्या पोळ्यापासून एकाबी गाडीचे माझे न्हाईत. मी नुसतं खोलायचो. बसवायचं समदं आनंदराजनं. मीच सांगितलं होतं त्याला, माझ्या हाताचा भरवसा न्हाई, तू कर, अन् कुणाला बोलू नको."

आनंदराज खाली मान घालून उभा होता. "चाचा, ऱ्हाऊ द्या ना," तो पुटपुटला. "आता कशाला?"

"आता कशाला म्हंजे? लातूरला एकच मिस्त्री पायजे. जो काम करतो तो जाईल. मी तुझी जागा खाऊ का?"

व्यंकटराव सुपरवायझर असले तरी माणूस भला. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत टोपी घातली. "मिस्त्री, आधी सांगायचं की," एवढंच म्हणाले. "आपण काय परके हाव का?"

तोवर सिंधु गाडीत चढून पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. तिथूनच खिडकीतून मला म्हणाली, "चाची, रागावू नका. सीट माझीच होती, पन तुम्ही मोठ्या, म्हणून मी मागं बसायची."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. "अन् तरोड्याची बहीण?"

"मला बहीण कुठं हाय? दोन भाऊ हायत, ते बी परभणीला." ती आता उघडपणे हसत होती. "मी ह्यांना तवाच सांगितलं होतं. चाचांचं झाकायचं तर खुशाल झाका, पन नियम मोडायचा न्हाई. ब्रेक आमचे, तर माणूस बी आमचंच बसंल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी त्या पोरीला फुकटी म्हणत होते, आणि ती बिचारी अंगणवाडीला उशीर करून, बोलणी खाऊन, माझ्या मागच्या सीटवर आपल्या नवऱ्याच्या कामाची हमी देत बसली होती. मला माझीच लाज वाटली, आणि लाजेच्या वर, फार वर, जिवात जीव आला. ज्या गाड्यांत मी घाम पुसत बसले होते, त्यातली एकही गाडी धोक्याची नव्हती. एकही नव्हती. ह्यांनी मला काय किंवा कुणाच्या लेकरांना काय, कधी वाऱ्यावर सोडलंच नव्हतं.

लेकरं परत खिडक्यांवर तुटून पडली. दगडोबाने सिंधुकडे पाहिलं, मग आनंदराजकडे, आणि गाडी चालू केली. मी आणि नजीर सगळ्यात मागच्या बाकड्यावर बसलो. मागे बसून मी कधी प्रवास केलाच नव्हता. मागे धक्के जास्त लागतात, हे मला या वयात कळलं.

नांदेडबाहेरचा लातूर फाटा गेल्यावर मी तोंड उघडलं. घरात आम्ही दखनी उर्दू बोलतो, पण चार माणसांत भांडायचं तर मराठीतच भांडतो, म्हणजे ऐकणाऱ्यांना न्याय करता येतो.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू बसायचं सोडलं असतं."

"सोडलंच असतं. सिंधु बसली असती."

"तेच तर," ते म्हणाले. "तू बसली की गाडी गेटाबाहेर जायची अन् लोक म्हणायचे, नजीरचे ब्रेक. मला ठाऊक होतं माझे न्हाईत. तरीबी तू बसलेली दिसली की वाटायचं, हाय आपण अजून मिस्त्री."

"अन् मी तिथं भिऊन मरून राहिले होते, ते?"

ते माझ्याकडे वळले. खरंच माहीत नव्हतं त्यांना. "तू भीत होतीस?"

"ह्या हातानं केलेल्या ब्रेकवर बसायला कुणाला भ्या वाटणार न्हाई?"

"मग बसलीस कामून?"

"तुम्ही मिस्त्री ऱ्हावं म्हणून."

समोरच्या बाकावर व्यंकटराव कान देऊन बसले होते, त्यांनी एकदम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. दोन्हीकडे कापूस वेचायला आलेला होता. आम्ही दोघांनी एकमेकांसाठी एकच खोटं सांभाळलं होतं, आणि दोघांनाही त्याचं ओझं झालं होतं. आता ते गेलं. लातूर गेलं, भाड्याचं नवं घर गेलं, नोकरीही गेली, आणि मला आनंदाने हसू येत होतं. सोमवारी डॉक्टरकडे जायचं, हेही तिथेच ठरलं. ह्यांनी 'थंडी हाय' म्हटलं नाही.

माळाकोळीचा उतार कधी गेला, मला कळलंसुद्धा नाही. सिंधुने तेवढं मागे वळून पाहिलं, मी मान हलवली.

अहमदपूरला स्टँडजवळ दगडोबाने गाडी थांबवली. सगळे चहाला उतरले. नजीर बाहेर चहा घेत नाहीत, असं गॅरेजात सगळ्यांना वाटायचं. चहा सोडलाय, पित्त होतं, असं ते सांगायचे. खरं म्हणजे ग्लास हातात धरून चार माणसांत उभं राहणं त्यांनी सोडलं होतं.

"मला बी एक," ते चहावाल्याला म्हणाले.

ग्लास आला. त्यांनी घेतला आणि चहा हिंदकळून बोटांवर सांडला. मी त्यांच्या हाताखाली हात दिला. आम्ही दोघांनी मिळून तो ग्लास त्यांच्या तोंडापर्यंत नेला, भर रस्त्यावर, एसटीची वाट बघणाऱ्या लोकांसमोर. एक बाई टक लावून बघत होती. बघू दे म्हटलं.

"साखर कमी हाय," नजीर म्हणाले.

मी चहावाल्याकडे साखर मागितली.